जावयाला तेहतीस सह्यांचं वाण

मु. उमरझिरा, ता. मलकापूर
धोंड्याचा महिना, सोमवार. लाईट नाही.

आमच्या जयमालेच्या सासूबाई, बुलढाणा मुक्कामी थंड हवेत सुखी असलेल्या विहीणबाई सिंधूताई यांना कोकिळाबाईचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्यावं.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघे, पित्त, जिना चढताना लागणारी धाप, सगळं कसं आहे? बरं असेल तर आनंदच आहे, पण ते इतक्यात कोणाला सांगू नका. का ते पुढं येईल. पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. चौथी शिकलेली बाई आहे, अक्षर कोंबड्यांनी उकरल्यासारखं आहे, तेवढं सांभाळून घ्या. तुम्ही जिल्ह्याच्या गावच्या, म्हणून भाषा पुस्तकी ठेवते. मधेच राग आला तर माझी भाषा येईल, तिलाही पाटावर बसवून घ्या.

भागवतरावांची तब्येत आता बरी आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. 'आता' या शब्दावर बोट ठेवून बसू नका. सलाईनची सुई काल निघाली, आज सकाळी त्यांनी वाटीभर मुगाचं वरण घेतलं आणि पुरणाचं नाव काढल्यावर भिंतीकडे तोंड केलं. आईचं दूध प्यालेला माणूस आहे, उभा राहील. तुमच्या दुधाबद्दल माझं कधीच काही म्हणणं नव्हतं. (लग्नात मानपानाच्या वेळी जे बोलले ते साडीबद्दल होतं.)

झालं असं. यंदा अधिक महिना जेठात आला, भर उन्हात. आमच्या जयमालेचा लग्नानंतरचा पहिला धोंडा, म्हणजे नातजावयाला बोलावणं भागच. नातीला आईबाप नाहीत म्हणून कुठं कमी पडलं असं तुम्ही म्हणायला नको, (म्हणाला नसता, पण चेहरा केला असता) म्हणून मी तेहतीस अनारसे घातले, तांब्याचा दिवा आणला, पुरणाचे धोंडे केले. आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तुमचे चिरंजीव आले. एस.टी.नं येतील वाटलं होतं, आले कंपनीच्या पांढऱ्या गाडीत. हातात मिठाईचा पुडा नाही, फाईल. मी ओवाळलं, तेव्हा एका हातानं टोपी धरली आणि दुसऱ्या हातानं फाईल.

भागवतराव त्या डेटा सेंटरवाल्या कंपनीत लागले हे तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, पेढेही पाठवले होते. पण ते सेंटर आमच्याच गायरानात उभं राहणार आहे, हे पेढ्यांच्या खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, बापा, त्यात असतं तरी काय? ते म्हणाले, आजी, ते एक गोदाम समजा, लोकांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं ठेवायचं. मी म्हटलं, गोदाम आम्हालाही माहीत आहे, मलकापुरात कापसाची आहेत. कापसाला तर पंखाही लागत नाही. ते म्हणाले, फोटो तापतात, त्यांना रात्रंदिवस गार ठेवावं लागतं, अख्ख्या मलकापूर शहराला लागेल एवढी वीज लागते. आता आमच्या ह्यांचा एकच फोटो घरात आहे, खिळ्याला टांगलेला. तीस वर्षं झाली, एकदाही तापला नाही. (जिवंतपणी तापायचे, तो भाग वेगळा.)

वीज कोणती, तर आमची. आमच्या गावानं उपकेंद्रासाठी नऊ वर्षं अर्ज केले. उन्हाळ्यात अर्ज, पावसाळ्यात अर्ज, साहेब बदलला की पहिल्यापासून अर्ज. का केले? शेतीच्या लाईनला कागदावर आठ तास लाईट, त्यातली येते तीन तास, तीही अशी पिवळी की मोटर नुसती गुणगुणते आणि जळते. आमच्या शेजारच्या खैरुन्निसाचा नवरा नजीर जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देतो. गावात त्याच्याएवढं काम कोणालाच नाही. तो म्हणतो, "काकू, तुमची लाईट खराब म्हनून माही चूल पेटते, पन मी बी इरोधात हाये. मानसाले कधीमधी घरी जेवाले बी भेटलं पाह्यजे." तर असं ते उपकेंद्र यंदा मंजूर झालं, खांब आले, आणि पाठोपाठ भागवतराव आले. उपकेंद्र कंपनीला, गायरान कंपनीला. गावाला काय? चाळीस नोकऱ्या. कोणत्या? पहाऱ्याच्या आणि आवारातलं गवत कापायच्या. गवत कोणाचं? आमच्याच गायरानाचं. म्हणजे आजवर जे आमच्या गाई फुकटात करत होत्या ते आता आमची पोरं टोपी घालून करतील.

आणि हे गोड बोलणं माझ्या ओळखीचं आहे, विहीणबाई. बीटीचं बियाणं आलं तेव्हाही असाच एक गोरागोमटा माणूस गाडीतून आला होता. त्याच्याही हातात फाईल. म्हणाला, आता बोंडअळी खाईल आणि मरेल. पहिली काही वर्षं मेली, खोटं कशाला बोलू. मग अळीला सवय लागली, ती खाऊ लागली आणि जगू लागली, आणि तो माणूस काही पुन्हा दिसला नाही. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, पाहुणी आल्यासारखी गोड गोड. तरी आम्ही दर वर्षी तेच बियाणं लावतो, कारण दुकानात दुसरं मिळत नाही. यंदाही अडीच एकर लावलं आहे, पावसाच्या आधी, ठिबकवर. आत्ता दोन पानांवर आहे. पाऊस येईपर्यंत रोज तासभर पाणी मिळालं तर ते पीक, नाही तर सरपण. तेवढा तास मिळावा म्हणून ते उपकेंद्र, विहीणबाई. दुसरं काही नाही.

आता मूळ गोष्ट. गावात विरोध होता, जोरात होता. रंगरावाची समिती होती. त्यांनी डेटा सेंटरचा पुतळा जाळायचं ठरवलं, पण ते दिसतं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून फ्रिजचं खोकं जाळलं. (खोकं पंजाबराव सरपंचाच्या घरचं. फ्रिज कुठून आला हे कोणी विचारलं नाही.) पाट्याही रंगवल्या होत्या, 'कंपनीवाले परत जा'. आणि पांढऱ्या गाडीतून उतरला कोण, तर गावचा जावई! तोही पहिल्या धोंड्याचा! जावयाला 'परत जा' कसं म्हणायचं? आपल्याकडे निघालेल्या माणसालाही आपण 'या' म्हणतो. रंगराव पाटी घेऊन वेशीत उभा होता, त्यानं घाईघाईनं 'जा' वर कोळसा फिरवला आणि 'या' लिहिलं. 'कंपनीवाले परत या.' भागवतरावांनी त्या पाटीचा फोटो काढून साहेबाला पाठवला. साहेब फार खूश झाला म्हणे.

पाटावर बसवलं, वाण पुढं केलं. अनारसे, दिवा, आणि घड्याळ आणलं होतं तेही. भागवतराव म्हणाले, "आजी, मला घड्याळ नको. मला तेहतीस सह्या द्या, गायरान कंपनीला द्यायच्या संमतीच्या." धोंड्यात जावई रुसलेला ऐकला आहे, अंगठीसाठी, गाडीसाठी, एकानं तर म्हशीसाठी. सह्यांसाठी रुसलेला हा पहिलाच. पंजाबराव तिथंच बसले होते, जसं काही योगायोगानं. (कंपनीच्या कंपाउंडच्या भिंतीचं काम त्यांच्या भाच्याला मिळणार आहे, तोही योगायोग.) ते म्हणाले, "आपले सत्तर झाले, शंभराच्या वर पाह्यजे, तेहतीसच कमी हायेत पाहा! देवाचीच मर्जी. गावचा जावाई, पयला धोंडा. रिकाम्या हातानं धाडला तं सोयऱ्याधायऱ्यात तोंड दाखवाले जागा राह्यन का?" आणि सगळं गाव, ज्यानं काल खोकं जाळलं होतं, ते माना खाली घालून बसलं. धोंड्याच्या जावयाला नाही म्हणायचं कसं, हे रंगरावाच्या समितीच्या ठरावात नव्हतं.

मी चुलीकडे गेले. जयमाला पुरण परतत होती. म्हणाली, "आजी, त्याइची नोकरी या कागदावर हाये. धोंडा संपाच्या आत फाईल गेली नाई तं घरी बसवतीन. मले इचारू नको. मी हो म्हननार नाई, नाई बी म्हननार नाई." मी म्हटलं, मंग काय म्हनशीन? तर म्हणाली, "म्या सकाळी वावरात जाऊन पाह्यलं. कपाशी दोन पानावर हाये." एवढं बोलून पुरण परतू लागली. विहीणबाई, या पोरीला मी दोन वर्षांची असल्यापासून वाढवलं. पुरण तिनं कधी बुडाला लागू दिलं नव्हतं. त्या दिवशी लागलं.

मी बाहेर आले आणि म्हटलं, भागवतराव, सही देऊ. जावयानं मागितलं आणि आम्ही दिलं नाही असं होणार नाही. पहिली सही माझी घ्या. आणि केली, सगळ्यांसमोर, पूर्ण नावानं. रंगराव माझ्याकडे असा पाहत होता जशी मी त्याची म्हैस विकली. मग म्हटलं, पण वाण म्हणजे वाण. उभ्या उभ्या वाण देत नाहीत, घेतही नाहीत. ज्या घरची सही, त्या घरी जावयानं पाटावर बसून धोंड्याचं जेवण जेवलं पाहिजे. नाही तर त्या घराला दोष लागेल, आणि सहीलाही. भागवतराव हसले. त्यांना वाटलं, म्हातारीची हौस. पंजाबरावही हसले. बायका मात्र हसल्या नाहीत, त्यांनी बोटांवर मोजलं. तेहतीस घरं गुणिले धोंडे, वरून तूप, आणि बाहेर पंचेचाळीसचं ऊन.

सोमवारी चार घरं झाली. कोणी त्रास दिला असं समजू नका. सगळ्यांनी जीव ओवाळून टाकला. कोणी एका धोंड्यावर सोडलं नाही, कोणी तुपाची धार मधेच थांबवली नाही. बारापासून जेवायला बसवायचे, बाराला लाईट जायची. पंखा थांबला की घरातली म्हातारी सुपानं वारा घालायची, आणि वारा घालता घालता मोटरीचं सांगायची. कोणाची कधी जळाली, किती दिवस बंद होती, त्या वेळी काय वाळलं. तोंडात धोंडा असल्यामुळे भागवतरावांना उत्तर देता येत नव्हतं. ऐकण्यासारखी गोष्ट होती, म्हणून ऐकत होते. मंगळवारी आणखी चार. बुधवारी दोन, त्याही कशाबशा. मंजुळाबाईकडे तर त्यांनी विचारलं, नुसतं ताक चालेल का? ती म्हणाली, "चालीन ना, धोंड्यावर."

गुरुवारी बारावं घर खैरुन्निसाचं. तुम्ही म्हणाल, तिचा आणि धोंड्याचा काय संबंध? मीही म्हटलं होतं. तर माझ्यावरच उलटली, "जयमाला माह्या हाताखाली शिवन शिकली, तिचा नवरा माहा जावाई नाई का? का पुरन तुमचंच गोड?" तिनं मलिदा केला, गुळाचा, तुपात चिंब. भागवतराव दारातच म्हणाले, चाची, फक्त पाणी द्या. ती म्हणाली, "जावाईबापू, अकरा घरी जेवले अन् बाराव्या घरी हात आखडता? लोक काय म्हंतीन?" लोक काय म्हणतील म्हटल्यावर तुमचा मुलगा पाटावर बसला. चांगले संस्कार आहेत. तीन घास खाल्ले, सही घेतली, आणि जमिनीचा आधार घेतला.

नजीरच्या टेम्पोतून मलकापूरला नेलं. डॉक्टरनं सलाईन लावली, आणि लावल्या लावल्या लाईट गेली. इन्व्हर्टर होता, त्यावर एक दिवा आणि डॉक्टरच्या डोक्यावरचा पंखा. मी भागवतरावांना पदरानं वारा घालत बसले. घामानं निथळत होते. अर्ध्या तासानं डोळे उघडून म्हणाले, "आजी, ही लाईट येते तरी कधी?" विहीणबाई, खरं सांगते, वर्षभर कंपनीची माणसं आमच्या गावात येतात, जमीन मोजतात, पाणी मोजतात, आमची डोकी मोजतात. हा प्रश्न मात्र पहिल्यांदा कोणी विचारला. मला त्या पोराची दया आली. (थोडी.) मग तेच बोलू लागले. म्हणाले, आजी, मला इथं पाठवलं ते माझं शिक्षण बघून नाही. मुलाखतीत सासरचं गाव विचारलं होतं. उमरझिरा म्हटल्याबरोबर साहेबानं हात मिळवला. यापुढं ते आणखी एक गोष्ट बोलले, ती मी खाली लिहिते. इथं जागा पुरत नाही.

बारा सह्या झाल्या, एकवीस राहिल्या, आणि जावई आडवा. अशात शनिवारी माझ्या मनात आलं, पोराला घरी पाठवायचं तर शिदोरी हवी. तुमच्यासाठी पुन्हा तेहतीस अनारसे घातले, ते सोबत आहेत. अनारसा तुपातून काढला की कागदावर निथळत ठेवावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. घरात कागद कुठला? पोरंबाळं नाहीत, वर्तमानपत्र येत नाही. एक जाड फाईल दिसली, तिच्यातले वरचे बारा कागद घेतले. मी चौथी शिकलेली बाई, मला काय कळतं कोणता कागद कंपनीचा आणि कोणता कशाचा? आता त्यावर सह्या शोधायच्या तर उजेडाला धरून बघावं लागेल, आणि उजेड नाही. फाईल पातळ दिसू नये म्हणून तिच्यात आमच्या उपकेंद्राच्या नऊ वर्षांच्या अर्जांच्या झेरॉक्स भरून ठेवल्या आहेत. जाडी बरोबर तेवढीच झाली. भागवतरावांनी बॅगेत घातली, उघडून पाहिली नाही. साहेबासमोर उघडतील. साहेबांना एकदा सावकाश वाचू द्या. आमचं कोणी आजवर वाचलेलं नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम. पाऊस नाही. कपाशी अजून दोन पानांवर आहे, तिसरं फुटतं आहे असं मला वाटतं, नजीर म्हणतो भास आहे. भागवतराव आणि जयमाला उद्या सकाळच्या एस.टी.नं निघत आहेत. अनारशांचा डबा आणि हे पत्र मी फडक्यात शिवून देते आहे, टाका उसवलेला दिसला तर मला कळवा. लहानांना आशीर्वाद, तुमच्या मालकांना नमस्कार.

तुमची,
कोकिळाबाई

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. विहीणबाई, तुम्ही शुक्रवारपासून आजारी आहात. मी भागवतरावांना तसं सांगितलं आहे, म्हणून तर ते निघत आहेत. काय आजार ते तुमच्या आवडीचं ठरवा, पण येत्या सोमवारच्या अमावस्येपर्यंत बरं व्हायचं नाही. सोमवारी धोंडा संपतो. तोवर ते कोरे कागद घेऊन पुन्हा आले तर गावाला पुन्हा पाट मांडावा लागेल, आणि या वेळी कोणाकडेच एवढं तूप नाही, नुसत्याच सह्या देतील. मंगळवारपासून ते साधे जावई. मग खुशाल यावं, ग्रामसभेत बसावं. गाव त्यांना चहा पाजून, नावानं हाक मारून, तोंडावर नाही म्हणेल. जयमालेला सगळं माहीत आहे. फाईलमधले कागद मला तिनंच काढून दिले, सह्यांची बाजू वर करून. तुम्ही कण्हायला लागा, ती पाय चेपेल.

आणखी ता.क. म्हातारी नातीच्या संसारात काडी घालते, पोराची नोकरी घालवते, असं तुमच्या मनात येईल. म्हणून ते वर राहिलेलं लिहिते. कंपनीनं भागवतरावांकडून नातेवाइकांची यादी घेतली आहे, गावांसकट. मावशा, आत्या, मामा. इथलं काम झालं की त्यांना दुसऱ्या गावी धाडणार, जिथं ते भाचे लागतात. भाच्याला मामा नाही म्हणू शकत नाही, हे साहेबाला कोणीतरी सांगितलं आहे. यादीत दुसरं नाव सुलतानपूर आहे. तुमचं माहेर. तुमच्या भावाची विहीर कोणत्या लाईनवर आहे, मला माहीत नाही. तुम्हाला असेल.

शेवटचा ता.क. धोंड्यात दिलेला तांब्याचा दिवा भागवतरावांच्या बॅगेत, तळाशी, बनियनमध्ये गुंडाळलेला आहे. दिलेलं परत मागायची आमच्या घरात रीत नाही. पण सह्या परत घ्यायला निघालोच आहोत, तर तोही कोणाच्या हाती पाठवून द्या. तुमच्याकडे लाईट असते, तुम्हाला त्याचं काम नाही. इथं हे पत्र संपवायला मला दिसत नाही आहे.